पणजीच्या नावाचा शोध

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे समितीच्या मंडळींनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. चौतीस वर्षे स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये व्हाउचर तपासण्यात गेली. लेख लिहिण्याची सवय नाही. पण सेक्रेटरी साहेब म्हणाले, "काका, सोसायटीच्या पंचवीस वर्षांवर सगळेच लिहिणार आहेत. तुम्ही त्याच्या आधीचं लिहा." त्याच्या आधीचे म्हणजे काय, तर आपण सगळे वसमतला येण्याआधी कुठे होतो, कोणाचे कोण होतो, ते. त्या विषयात मी गेली दोन वर्षे बुडालेलो आहे हे त्यांना माहीत होते. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात झाली ती दुसऱ्याच कामाने. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांत कुणबी नोंदी शोधण्याचे ते काम होते. आरक्षणावर मत मांडायची ही जागा नव्हे, आणि मी ते मांडणारही नाही. पण त्या निमित्ताने एक गोष्ट झाली ती खरी. वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेली दप्तरे गावोगाव उघडली गेली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क-पत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना 14, शाळांची प्रवेश-निर्गम नोंदवही, 1951 चे राष्ट्रीय नागरिक रजिस्टर, असे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना एकदम मान आला.

आपल्याच सोसायटीतल्या एका शेजाऱ्यांना अशी नोंद हवी होती. ते म्हणाले, "साहेब, तुम्हाला कागदांची नजर आहे, सोबत चला." गेलो. त्यांचे काम झाले. पण जुन्या नकला चाळताना आमच्या कुरुंद्याचे नाव दिसले आणि माझ्या मनात आले की आपणही आपले बघावे. तेव्हापासून लागलेले वेड अजून उतरलेले नाही.

आमच्या घरची गोष्ट अशी. माझे पणजोबा 1918 च्या मानमोडीच्या साथीत गेले. आजच्या मुलांना कोरोना माहीत आहे, मानमोडी माहीत नाही. जगात तिला स्पॅनिश फ्लू म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती आली आणि एका हिवाळ्यात हिंदुस्थानातली एक कोटीहून जास्त माणसे घेऊन गेली. त्याच वर्षी पाऊसही रुसला होता. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या 1911 च्या शिरगणतीत सुमारे 1 कोटी 34 लाख होती, ती 1921 मध्ये सुमारे 1 कोटी 25 लाख भरली. दहा वर्षांत माणसे वाढायची सोडून नऊ लाखांनी कमी झाली. आकड्यांच्या माणसाला तो आकडा वाचताना गलबलून येते, कारण त्या नऊ लाखांतला एक आपल्या घरचा आहे.

मागे राहिली पणजी, पदरी नऊ वर्षांचा मुलगा आणि एक तान्ही मुलगी. हा नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे माझे आजोबा. पुढे काय झाले हे आमच्या भाऊकीने 1987 साली छापलेल्या वंशावळीच्या पुस्तिकेत आहे. पणजोबांच्या थोरल्या चुलत बंधूंनी जमीन सांभाळली, पोरक्या मुलाला वाढवले आणि तो मोठा झाल्यावर बारा एकर रान त्याच्या हवाली केले. पितृपक्षात दरवर्षी हीच गोष्ट सांगितली जायची. आम्हीही श्रद्धेने ऐकायचो. त्या पुस्तिकेत सात पिढ्यांची नावे आहेत, पण बाईचे नाव एकही नाही. 1987 साली मी ती हातात घेतली तेव्हा मलाही त्यात काही वावगे वाटले नव्हते, हे कबूल करतो.

पणजीला मी पाहिले आहे. ती 1957 साली गेली, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. घरात सगळे तिला थोरली माय म्हणत. पांढरे लुगडे, ओट्याच्या कोपऱ्यातली बसायची जागा, आणि कमरेच्या पिशवीतून काढून दिलेले गूळ-फुटाणे, एवढेच आठवते. ती फार बोलत नसे. तिचे नाव काय होते, हे मला वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत माहीत नव्हते. माहीत नव्हते म्हणण्यापेक्षा, तिला काही नाव असेल असे कधी मनातच आले नव्हते.

शोध घरापासून सुरू करावा हा माझा अनुभवाचा सल्ला. आमच्या माळ्यावर एक लोखंडी पेटी होती. तिच्यात आजोबांचे धोतर, दोन पंचांगे, सारा भरल्याच्या फाटक्या पावत्या आणि कापडात गुंडाळलेला एक जाड कागद. कागदावर निजाम सरकारचा स्टॅम्प आणि सगळा मजकूर उर्दूत. वडिलांच्या वेळेला ही पेटी कितीदा उघडली असेल! वडील निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. त्यांना हा कागद पाच मिनिटांत वाचता आला असता. ते 1998 साली गेले. मी कधी विचारले नाही आणि त्यांनी कधी सांगितले नाही. बँकेत मी हजारो लोकांची कागदपत्रे भिंगातून पाहिली, पण स्वतःच्या घरची पेटी उघडली नाही. त्याची चुटपुट कायम राहील.

नव्या पिढीसाठी थोडे सांगतो. आपला सगळा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने फारसी सोडून उर्दू ही दरबारची भाषा केली, त्यामुळे सरकारी कागद उर्दूत. सावकार, कुलकर्णी, देशपांडे यांचा खासगी व्यवहार मोडीत. घरात आणि बाजारात मराठी. सरकारी सन फसली, त्यात साधारण 590 मिळवले की इंग्रजी साल येते. महिने आझर, दय, बहमन असे इराणी नावांचे. आणि पैसा हाली सिक्क्याचा. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे साधारण सहा कलदार. मी ज्या बँकेत नोकरी केली ती 1942 साली निजाम सरकारनेच हैदराबाद स्टेट बँक या नावाने काढली, आणि हाली सिक्क्याचा कारभार तिच्याकडे होता. म्हणजे तसे पाहिले तर मी घरच्याच खात्यात काम करत होतो.

कागद वाचायला गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. वय 84. त्यांनी चष्मा पुसला, कागद उन्हात धरला आणि म्हणाले, "साहेब, हे गहाणखत आहे. बहमन 1328 फसली." हिशेब केला. 1918 चा डिसेंबर. म्हणजे पणजोबांना जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. तीनशे रुपये हाली, व्याज दरमहा दरशेकडा एक रुपया, तारण बारा एकर जमीन. मी विचारले, लिहून देणार कोण? मला वाटले थोरल्या काकांचे नाव येणार. गुरुजी थांबले आणि एकेक शब्द लावत म्हणाले, "मुसम्मात अमुक, बेवा तमुक, उमर अंदाजे 26 साल. नाबालिग मुलाची आई आणि वली."

मुसम्मात म्हणजे उर्दू कागदांत बाईच्या नावाआधी लावायचा शब्द, आपल्या श्रीमतीसारखा. बेवा म्हणजे विधवा, वली म्हणजे पालक. आणि खाली निशाणी अंगठा. शंभर वर्षांपूर्वीचा तो काळा ठसा अजून स्पष्ट आहे, अंगठ्याच्या रेषा मोजता येतील इतका. थोरले काका त्या कागदावर होते, पण साक्षीदार म्हणून.

ते नाव मी इथे छापत नाही. भाऊकीत अजून चर्चा चालू आहे आणि स्मरणिका घरोघर जाते. एवढेच सांगतो की ते एका देवीचे नाव होते.

कागद उलटा केला तर पाठीवर बारीक अक्षरात वसुलीच्या नोंदी. बँकवाल्याला हे बघून काय वाटले असेल ते बँकवाल्यालाच कळेल. अकरा नोंदी, 1329 पासून 1339 फसलीपर्यंत. 1330 चे साल कोरे आहे, 1920-21 चे ते दुष्काळी वर्ष. पुढच्या साली दोन नोंदी. सगळी मिळून बेरीज 560 रुपये हाली, म्हणजे 480 कलदार. मी घरी येऊन व्याजाचा तक्ता मांडला. दर आणि मुदत पाहता रक्कम रास्त बसते. सावकाराने फसवले नाही आणि कर्जदाराने बुडवले नाही. शेवटच्या नोंदीखाली 'बेबाक' असा शब्द आहे. म्हणजे निरंक.

प्रत्येक नोंदीत 'बदस्त' म्हणून रक्कम कोणाच्या हातून आली ते लिहिले आहे. पहिली नोंद थोरल्या काकांच्या हातून. शेवटच्या दोन माझ्या आजोबांच्या, तेव्हा ते मिसरूड फुटलेले जवान होते. मधल्या आठ नोंदी त्या मुसम्मातच्या.

आता माझ्यापुढे दोन कागद होते. तहसीलच्या नकलेत 1330 ते 1340 फसली पट्टा थोरल्या काकांच्या नावावर, आणि गहाणखतात पैसे भरणारी दुसरीच. बँकेत असे नेहमी होते. खाते एकाचे, भरणा करणारा दुसरा. भाऊकीने फक्त खाते पाहिले होते, भरणा स्लिप कोणी पाहिलीच नव्हती.

यात त्या काळच्या कायद्याचाही भाग आहे. 1918 साली एकत्र कुटुंबातल्या हिंदू विधवेला जमिनीत मालकी नव्हती, फार तर पोटगी. हिंदू स्त्रियांच्या संपत्तीच्या हक्काचा कायदा 1937 चा, तोही ब्रिटिश हिंदुस्थानातला. हिंदू वारसा कायदा आला 1956 साली. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला आणि देशभर तो 2005 मध्ये झाला. म्हणून जुन्या दप्तरात बाईचे नाव शोधणे म्हणजे भुशात गव्हाचा दाणा शोधणे. ती सापडते केव्हा? तर नवरा मेल्यावर, मूल अज्ञान असल्यावर, नाहीतर कर्ज काढल्यावर. संसार सुखाचा झाला तर कागदावर तिचे नाव येत नाही.

इथवर सगळे जुळले होते, पण एक घोळ होता. आमच्या घरात एक पितळी तांब्या आहे, पणजीचा म्हणून देव्हाऱ्याजवळ ठेवलेला. पूर्वी लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव कोरत, आपल्या सगळ्यांच्या घरी अशी भांडी असतील. तांब्यावर शके 1824 आहे, म्हणजे 1902-03, आणि गाव जवळा बाजार. पण त्यावरचे नाव आहे एका नदीचे. कागदात देवी, तांब्यावर नदी. मला वाटले पणजोबांची दोन लग्ने झाली असावीत आणि मी भलत्याच बाईच्या मागे लागलो. दोन महिने काम तिथेच अडले.

अडलेले काम सुटले आत्यामुळे. आत्या नांदेडला असते, वय 88, कान गेलेले पण स्मरण लख्ख. मी मोठ्याने ओरडून विचारले, तर ती आधी रागावलीच. "आता पुसायलास व्हय रे? तुझा बाप होता तवा कोणी पुसलं नाही." मग म्हणाली, "ते माहेरचं नाव. इकडं आल्यावर बदललं. दोन्ही तिचेच."

खरे म्हणजे हे मला सुचायला हवे होते. लग्नात मुलीचे नाव बदलायची आपलीच रीत. तांदळात अंगठीने नवे नाव लिहायचे आणि जुने नाव माहेरी ठेवून यायचे. कागदात शोधताना मात्र एका बाईच्या दोन बायका होतात.

तरी बँकेची सवय. तोंडी माहितीला दुसरा पुरावा पाहिजे. म्हणून 2024 च्या हिवाळ्यात नाशिकला गेलो. पंचवटीतल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या वह्या असतात हे बहुतेकांना माहीत आहे. गाव आणि आडनाव सांगितले की कोणत्या घराण्याकडे आपली वही आहे ते कळते. नाशिक, त्र्यंबक, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार, सगळीकडे हीच पद्धत. हरिद्वारच्या वह्यांचे महत्त्व तर अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेनेही ओळखले आणि त्यांच्या मायक्रोफिल्म केल्या. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे घरोघर फिरून असेच जुने कागद गोळा करत. त्यांनी 1910 साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात आजही तसे कागद जपलेले आहेत. राजवाडे राजेरजवाड्यांचा इतिहास शोधत होते. आपल्यासारख्यांनी निदान आपल्या घराचा शोधावा.

दुपारी तीन वाजता वही सापडली. शके 1854 ची, म्हणजे 1932-33 ची नोंद. आजोबांच्या नावाने. कर्ज फिटून दोनेक वर्षे झाली होती. पूर्णा जंक्शनहून मनमाडची गाडी पकडून ते गेले असणार, ती लाइन 1900 सालापासून होती. वडिलांचे नाव, आज्याचे नाव, पणज्याचे नाव, सगळे मोडीत व्यवस्थित लिहिलेले. शेवटी, 'सोबत मातोश्री. मातुल घर जवळा बाजार.' नाव नाहीच! पण गाव जुळले. तांब्यावरची नदी आणि कागदातली देवी एकच ठरली. चौदा वर्षांनी ती बाई नवऱ्याच्या नावाने गोदावरीत पाणी सोडायला आली होती. पुरोहितांनी खाली आमच्याही नावांची नोंद करायला सांगितली. मी माझ्या पत्नीचे नाव लिहिले, सुनेचे लिहिले, दोन्ही नातींचे लिहिले. ते म्हणाले, हल्ली बरेच जण लिहितात.

शेवटचा पुरावा मिळाला 1951 च्या नागरिक रजिस्टरात. त्या वर्षीच्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून हे रजिस्टर गावोगाव केले होते. त्यात घरातल्या प्रत्येकाचे नाव असते, बायका-मुलांसकट. आमच्या घरात सर्वांत वर आजोबा, आणि खाली 'आई, विधवा, वय 60', आणि तेच देवीचे नाव. गहाणखतात 1918 साली 26, इथे 1951 साली 60. एक वर्षाचा फरक, तो अंदाजे वय सांगणाऱ्या काळात काहीच नाही. खाते जुळले.

तिने ते पैसे आणले कुठून, हे कोणत्याही कागदात नाही. आत्याने ऐकलेले सांगितले. दोन म्हशी होत्या. माय तुपाचा डबा डोक्यावर घेऊन बाजारच्या दिवशी पायी वसमतला यायची. रान बटईने लावलेले, कापूस वेचायला दुसऱ्याच्या शेतात जायची. पैसे पदराच्या गाठीला. गाठ घरात सोडायची नाही, थेट सावकाराच्या ओट्यावरच सोडायची. वर्षाला पन्नासेक रुपये हाली, तुपाच्या हिशेबाने, अकरा वर्षे. कर्ज वसुलीसाठी मी कितीदा गावोगाव हिंडलो आहे. असा कर्जदार मला चौतीस वर्षांत क्वचित भेटला.

आता खरी अडचण पुढे आली. हे सगळे भाऊकीला सांगायचे कसे? थोरल्या काकांचे पणतू म्हणजे माझे चुलतभाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो. वय 80, भाऊकीत वडीलधारे. 1987 ची पुस्तिका छापायला त्यांनीच धडपड केली होती. सगळ्या नकला पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. चहा आला तसाच निवला. मग म्हणाले, "म्हणजे आता माझ्या पणज्यानं फुकटचं नाव कमावलं, असंच ना?"

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर गुरुजींनी कागद वाचला त्या दिवशी माझ्याही मनात तसेच आले होते. दादा आत गेले आणि बऱ्याच वेळाने एक पत्र्याचा डबा घेऊन आले. म्हणाले, "तुझं झालं असेल तर माझंही बघ." डब्यात साऱ्याच्या पावत्या होत्या. त्यातल्या तीन आमच्या बारा एकराच्या, पैकी एक 1330 ची. त्याच कोऱ्या सालची. त्या साली पणजीला हप्ता भरता आला नव्हता. सारा थकला असता तर सरकारी लिलावाची टांगती तलवार होती. तो थोरल्या काकांनी भरला होता.

मी ती पावती कितीतरी वेळ हातात धरून बसलो. पट्टा काकांच्या नावावर नसता तर एकट्या विधवेची जमीन कोणी गिळली असती, सांगता येत नाही. आणि तिने कर्ज फेडले नसते तर काकांनी सांभाळायला जमीनच उरली नसती. भाऊकीची गोष्ट खोटी नव्हती, अर्धी होती. माझ्या पिशवीतली गोष्टही अर्धीच होती. दादांचा डबा उघडला नसता तर मी एक अन्याय दुरुस्त करताना दुसरा करून बसलो असतो.

आता नवी वंशावळ छापायची ठरते आहे. थोरल्या काकांच्या नावापुढे साऱ्याची नोंद आणि पणजीच्या नावापुढे गहाणखताची, यावर दादा राजी झाले. पण सगळ्याच लेकी-सुनांची नावे घालायची का, यावर गाडे अडले आहे. कोणी म्हणतो पान पुरणार नाही. कोणी म्हणतो माहेरचे नाव घालायचे की सासरचे. पानाचे काय, मोठे पान घेता येते. बैठक दिवाळीनंतर आहे. मी दोन्ही नावे घालावीत असे सुचवले आहे. बघू.

तुमच्यापैकी कोणाला असा शोध घ्यायचा असेल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. घरातली सर्वांत म्हातारी व्यक्ती आधी गाठा, कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत. पेटी, भांडी, फोटोच्या मागची बाजू, देव्हाऱ्यातले टाक, सगळे बघा. वसमत तालुका 30 एप्रिल 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली जिल्हा 1 मे 1999 चा. म्हणून इथे नाही मिळाले तर परभणीला विचारा. आजोबांची शाळा माहीत असेल तर प्रवेश-निर्गम नोंदवहीत जन्मतारीख आणि गाव मिळते. गाव नमुना 14 मध्ये जन्म-मृत्यू. उर्दू आणि मोडी कागद रद्दीत घालू नका, वाचणारे अजून आहेत, पण फार दिवस नसतील. आणि जे सापडेल ते एका बाजूचे धरून निकाल देऊ नका. समोरच्या घरातही एखादा डबा असतो.

जाता जाता आपल्या सोसायटीविषयी. 2000 साली नोंदणी झाली तेव्हा पहिला खजिनदार मीच होतो. या लेखासाठी पहिली सभासद यादी पुन्हा काढून पाहिली. अक्षर माझेच आहे. पुरुषांची नावे ओळीने लिहिली आहेत आणि घरातल्या माणसांच्या रकान्यात मी सरसकट लिहिले आहे, 'पत्नी व मुले'. नाव एकाचेही नाही. त्यातल्या कित्येक वहिनींनी दागिने मोडून प्लॉटचे हप्ते भरले, हे पावत्या मीच फाडल्यामुळे मला माहीत आहे. आज त्यांतल्या काहीजणी हयात नाहीत.

समितीला माझी विनंती आहे की रौप्यमहोत्सवानिमित्त एक नवे रजिस्टर घालावे. प्रत्येक घराला एक पान. घरातल्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, बायकांचे माहेरचे नाव आणि गाव, आणि आठवत असतील तर आजी-पणजीची नावे. नोंदी करायला मी रोज संध्याकाळी पाच ते सहा ऑफिसात बसेन. अक्षर अजून बरे आहे. येताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून या.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.